‘पर्यंत’ या शब्दाचा हिशेब

घरगुती ब्रॉडबँडच्या जाहिरातीत आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि ‘पर्यंत’ हा शब्द त्याच्या आडोशाला लहान अक्षरांत उभा असतो. ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ या शब्दप्रयोगातले शंभर ग्राहकाच्या लक्षात राहतात, करार मात्र ‘पर्यंत’वर टेकलेला असतो; आणि रात्री दहाच्या सुमारास चित्रपट थांबून पडद्यावर चक्र फिरू लागले की या दोहोंमधले अंतर घरातल्या सर्वांना एकदम जाणवते. या अंतराचा अर्थ बहुधा फसवणूक किंवा बिघाड या दोनच शब्दांत लावला जातो. दोन्ही गोष्टी घडत असतात हे खरे, पण मुळाशी एक गणिती गृहीतक आहे: विकलेला वेग सगळे ग्राहक एकाच वेळी मागणार नाहीत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांत हे गृहीतक विशेष ताणले जाते, कारण ही शहरे सकाळी एकत्र घराबाहेर पडतात आणि रात्री एकत्र घरी परततात.

२०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक लोक राहत होते. त्यानंतर घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि कल्याण-शीळ रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांनी या संख्येत मोठी भर घातली. एवढ्या दाट वस्तीत जाळे टाकणे कंपन्यांना परवडते, स्पर्धा होते आणि दर खाली येतात. मात्र त्याच दाटीमुळे प्रत्येक तारेवर, प्रत्येक खांबावर आणि हवेतल्या प्रत्येक लहरीवर वाटेकरीही वाढतात.

बिट, बाइट आणि वेष्टन

अपेक्षाभंगाचा पहिला हप्ता केवळ एककांच्या गोंधळातून येतो. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, हे वेगाचे माप. संगणकावरच्या फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये सांगितला जातो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात आणि पडद्यावर ‘१२’ हा आकडा पाहणाऱ्याला आपल्याला आठवा हिस्साच मिळाला असे वाटते, प्रत्यक्षात त्याला जवळजवळ पूर्ण माप मिळालेले असते. दुसरी वजावट वेष्टनाची आहे. जाळ्यावरून जाणारी माहिती साधारण १५०० बाइटांच्या पॅकेटांत बांधली जाते आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता, अनुक्रमांक व तपासणीचे आकडे लिहिलेले असतात. दुकानदाराने डब्यासकट मिठाई तोलावी तसे या वेष्टनाचे वजनही त्याच वेगात धरले जाते, म्हणून १०० एमबीपीएसच्या तारेवर चाचणीत ९४-९५ च्या आसपासचा आकडा दिसणे स्वाभाविक असते.

याच ठिकाणी एक साधी पण वारंवार घडणारी अडचण दडलेली आहे. स्वस्त राउटरच्या मागच्या खाचा, म्हणजे पोर्ट, अनेकदा १०० एमबीपीएसच्याच असतात; ग्राहक १५० किंवा २०० ची योजना घेतो, जुना राउटर तसाच ठेवतो आणि चाचणीत दर वेळी ९४ चाच आकडा येतो. तेथे वाढीव पैसे दरमहा जातात, आणि ते कोठे अडले हे ना बिलात लिहिलेले असते ना राउटरवर.

तांब्याची तार आणि केबलवाला

‘पर्यंत’ हा शब्द ब्रॉडबँडच्या भाषेत शिरला तो प्रामाणिक कारणाने, आणि ते कारण तांब्याच्या तारेचे होते. दूरध्वनीच्या जमान्यात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन वेगळी राज्ये होती: ठाणे शहर मुंबईच्या ०२२ या क्रमांकात व एमटीएनएलच्या क्षेत्रात, तर कल्याण-डोंबिवली ०२५१ या क्रमांकात व बीएसएनएलकडे. मोबाइलच्या परवान्यांत मात्र कल्याणची दूरध्वनी केंद्रे मुंबई महानगराच्या सेवाक्षेत्रात धरली गेली, त्यामुळे एकाच घरातला मोबाइल मुंबईचा आणि घरचा दूरध्वनी मुंबईबाहेरचा अशी स्थिती डोंबिवलीकरांनी वर्षानुवर्षे पाहिली. या दोन्ही सरकारी कंपन्यांनी जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सुरू केले ते एडीएसएल या तंत्राने, म्हणजे बोलण्यासाठी टाकलेल्या तांब्याच्या जोडतारेवरच अधिक वरच्या कंप्रतेने माहिती पाठवून. या तंत्रात दूरध्वनी केंद्रापासून अंतर वाढले की संदेश क्षीण होतो आणि वेग घसरतो. त्याच्या सुधारित आवृत्तीचा सैद्धांतिक वेग २४ एमबीपीएस असला तरी तो केंद्राच्या अगदी जवळच्या घरांनाच मिळू शकत असे आणि काही किलोमीटरवर त्याचा थोडाच अंश उरे. कोणाच्या घरी किती वेग पोहोचेल हे तार जोडल्याशिवाय सांगता येत नसल्यामुळे ‘पर्यंत’ म्हणणे तेव्हा अपरिहार्य होते.

त्याच काळात दुसरी एक व्यवस्था गच्च्यांवरून वाढत होती. १९९० च्या दशकात केबल दूरचित्रवाणीच्या तारा एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर गेल्या, १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे कायद्याने या धंद्याला नोंदणीची चौकट दिली आणि पुढे याच केबलचालकांनी त्या वाटेने इंटरनेटही घरोघरी नेले. बऱ्याच जुन्या वस्त्यांत ही जोडणी सुरुवातीला तांब्याच्या इथरनेट केबलने दिली जाई. तिची मर्यादा एका टप्प्याला १०० मीटर असल्याने दर काही इमारतींमागे, जिन्याखाली किंवा मीटरच्या खोलीत, एक स्विच, म्हणजे तारांचे फाटे फोडणारी विजेवर चालणारी पेटी, बसवावी लागे.

या इतिहासाने घडवलेली व्यापारी रचना आजही मोठ्या प्रमाणावर टिकून आहे. इंटरनेट सेवेचा परवाना तीन वर्गांत मिळतो: ‘अ’ वर्ग संपूर्ण देशासाठी, ‘ब’ वर्ग एका दूरसंचार परिमंडळासाठी किंवा महानगरासाठी, आणि ‘क’ वर्ग त्याहून लहान क्षेत्रासाठी. परवानाधारक कंपनी माहितीची वाहतूक पुरवते आणि शेवटच्या काही शे मीटरची तार, दुरुस्ती व वसुली स्थानिक चालकाकडे असते. बिलावर एकाचे नाव आणि तारेवर दुसऱ्याचा हात, अशा या व्यवस्थेत वेग कमी मिळाल्यावर कंपनी तारेकडे बोट दाखवते, चालक कंपनीकडे दाखवतो, आणि ग्राहकाला दोघांकडून मिळणारा सल्ला एकच असतो: राउटर बंद करून पुन्हा चालू करा.

एका धाग्यावर चौसष्ट घरे

गेल्या दशकात तांब्याची जागा काचेच्या तंतूने, म्हणजे फायबरने, घेतली आणि अंतराचा प्रश्न जवळजवळ संपला. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण रेल्वेमार्गाने ५४ किलोमीटर आहे, ते अंतर ओलांडायला त्याला पाव मिलिसेकंदाहून थोडाच अधिक वेळ लागतो. तरीही ‘पर्यंत’ हा शब्द जाहिरातीतून गेला नाही. त्याचा अर्थ तेवढा बदलला: पूर्वी तो अंतरामुळे होणारी घट सांगत असे, आता तो वाटेकऱ्यांमुळे होणारी घट सांगतो.

घरापर्यंत येणाऱ्या फायबरची प्रचलित पद्धत जीपॉन या नावाने ओळखली जाते. तिच्यात कंपनीच्या केंद्रातील ओएलटी या यंत्रापासून एकच तंतू निघतो आणि वाटेत स्प्लिटर नावाची, विजेशिवाय चालणारी काचेची फोड त्याचा प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटते. घरातल्या ज्या डबीत हा प्रकाश पुन्हा विद्युत संदेश होतो तिला ओएनटी म्हणतात. प्रकाश दोघांत वाटला की निम्मा होतो आणि चौसष्टांत वाटला की चौसष्टावा हिस्सा उरतो. त्यातच तंतू कोठे तीव्र कोनात वाकला, सांधा, म्हणजे स्प्लायसिंग, नीट झाला नाही किंवा जोडाच्या टोकावर धूळ बसली, तर उरलासुरला प्रकाशही ओळखता येण्याच्या मर्यादेखाली जातो. तेव्हा ओएनटीवर तांबडा दिवा लागतो. आणि तो लागण्याआधी काही दिवस जोडणी मध्येच तुटण्याचा, पुन्हा जुळण्याचा त्रास सुरू झालेला असतो.

या तंतूची एकूण क्षमता घराकडे येणाऱ्या दिशेने सुमारे २.५ गिगाबिट, म्हणजे २५०० मेगाबिट, आणि घराकडून जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मी असते. चौसष्ट घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएस विकले तर एकूण विक्री ६४०० मेगाबिटची होते. सर्वांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३९ येतात. त्याच्या वरच्या टप्प्यावर वाटणी आणखी बारीक होते. उदाहरणादाखल सोळा तंतू सांभाळणारे एक ओएलटी घेतले, प्रत्येक तंतूवर ६४ घरे धरली आणि त्या यंत्रातून पुढे जाणारी वाट १० गिगाबिटची मानली, तर १०२४ घरांना विकलेले सुमारे १०२ गिगाबिट या दहा गिगाबिटच्या दारातून जायचे असतात. सर्व घरे एकदम दाराशी आली तर प्रत्येक घराला दहा एमबीपीएसदेखील पुरते मिळत नाहीत.

विकलेल्या एकूण वेगाचे प्रत्यक्ष राखलेल्या क्षमतेशी जे प्रमाण असते त्याला कंटेन्शन रेशो, म्हणजे स्पर्धा-गुणोत्तर, असे नाव आहे. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ब्रॉडबँडसाठी हे प्रमाण एकास पन्नास आणि व्यावसायिक जोडणीसाठी एकास तीस असे धरले होते. शंभराला पन्नासने भागले की दोन उरतात, आणि २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी लागणारा किमान वेग ठरवला तोही दोनच एमबीपीएसचा. म्हणजे शंभराच्या योजनेतली सगळी घरे एका क्षणी जागी झाली, तरी पन्नासातला एक हा हिशेब पाळणारी कंपनी कायद्याच्या व्याख्येत कशीबशी बसते.

रात्री नऊ ते अकरा

स्पर्धा-गुणोत्तर ही लबाडी मानणे मात्र अन्यायाचे होईल. बँक सर्व ठेवीदारांची रक्कम तिजोरीत रोख ठेवत नाही आणि महानगरपालिका सर्व नळ एकदम सोडले जातील असे धरून जलवाहिनी टाकत नाही. सामायिक व्यवस्था परवडते ती याच अंदाजावर. प्रत्येकासाठी राखीव वाट हवी असेल तर लीज्ड लाइन, म्हणजे केवळ एका ग्राहकासाठी राखलेली जोडणी, मिळते. तिचा दर घरगुती योजनेच्या अनेक पट असतो आणि ती कार्यालयेच घेतात. शिवाय घरातली खरी गरज आकड्यापेक्षा बरीच लहान आहे: नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार पूर्ण एचडी चित्रासाठी ५ आणि ४के दर्जासाठी १५ एमबीपीएस पुरतात. वरच्या उदाहरणातली १०२४ घरे एकाच वेळी एचडी चित्रपट पाहत बसली तरी दहा गिगाबिटची वाट निम्मीच भरते; तीच घरे ४के पाहू लागली तर मात्र ती दीडपट तुंबते.

म्हणून सगळा प्रश्न येऊन ठेपतो तो लोक एकाच वेळी किती संख्येने येतात यावर, आणि येथे या शहरांचा स्वभाव आड येतो. ज्या शहरात घर, दुकान, कारखाना आणि कार्यालय एकमेकांत मिसळलेले असते तेथे जाळ्यावरचा भार दिवसभर पसरतो. ठाणे-कल्याण पट्ट्यातला मोठा वर्ग सकाळच्या लोकलने मुंबईकडे जातो आणि सायंकाळी सहा ते आठच्या गर्दीतून परततो. जेवणे उरकली की नऊ ते अकरा या दोन तासांत मालिका, सामने, मुलांचे खेळ, परदेशी गेलेल्या नातेवाइकांशी व्हिडिओवरचे बोलणे आणि कार्यालयातून घरी आणलेले उरलेले काम हे सगळे एकाच वाटेवर येते. लोकलमधली गर्दी आणि जाळ्यावरची गर्दी ही एकाच माणसांची दोन रूपे आहेत. तीच माणसे आधी फलाटावर एकमेकांना रेटतात आणि नंतर, नकळत, ओएलटीच्या दारात. मार्च २०२० नंतर घरून काम करण्याची पद्धत रुजली तेव्हा या रात्रीच्या गर्दीत दिवसाच्या बैठकांची भर पडली, आणि घराकडून जाणारी वाट, जी आधीच्या योजनांत बिनमहत्त्वाची मानली जाई, तीही अपुरी वाटू लागली.

दिवाळीच्या पहाटे गर्दीने भरून वाहणारा डोंबिवलीचा फडके रस्ता तेवढाच रुंद असतो जेवढा एरवी असतो, पण त्या दिवशी तो चालत ओलांडायला किती वेळ लागेल हे रस्त्याच्या रुंदीवरून सांगता येत नाही. घरगुती ब्रॉडबँडचा आकडा हे रुंदीचे माप आहे. ग्राहकाला हवा असतो तो ओलांडण्याचा वेळ.

स्थिर वायरलेस सेवेत, म्हणजे ५जी मनोऱ्यावरून घरातल्या यंत्राला जोडणी देण्याच्या पद्धतीत, ही वाटणी आणखी उघडी पडते. २०२३ मध्ये देशातल्या दोन मोठ्या कंपन्यांनी ‘एअरफायबर’ या नावाने ती बाजारात आणली. नावात फायबर असले तरी घराशी येणारा शेवटचा टप्पा हवेतला असतो आणि मनोऱ्याची क्षमता त्या परिसरातल्या इतर ग्राहकांत वाटली जाते. ज्या इमारतीत तार ओढण्याची परवानगी मिळत नाही किंवा तंतू पोहोचलेला नाही तेथे ती मोठीच सोय आहे, पण तिचा वेग खिडकीच्या दिशेवर आणि समोर उभ्या राहणाऱ्या नव्या टॉवरवरही अवलंबून राहतो.

समुद्रापर्यंतची वाट

वस्तीतून बाहेर पडलेली माहिती पुढे कोठे जाते यावर उरलेला अनुभव ठरतो. लोकप्रिय चित्रपट, व्हिडिओ आणि संगणक प्रणालींची अद्ययावत रूपे यांच्या प्रती कंपन्या कॅशे नावाच्या साठवण-यंत्रांत ग्राहकाच्या जवळ ठेवतात, आणि मोठे सेवादाते ही यंत्रे आपल्याच केंद्रात बसवून घेतात. देशांतर्गत वाहतूक परदेशाला वळसा न घालता देशातच बदलली जावी यासाठी २००३ मध्ये निक्सी, म्हणजे भारतीय राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज, ही ना-नफा संस्था उभी राहिली. मुंबईत तिचे केंद्र आहे आणि पुढे खासगी एक्स्चेंजही आले. जो सेवादाता या सर्वांशी रुंद वाटेने जोडलेला असतो त्याच्या ग्राहकाला तोच आकडा अधिक वेगवान वाटतो. जो एका मोठ्या कंपनीकडून घाऊक वाट विकत घेऊन किरकोळीने विकतो त्याच्याकडे रात्री ती घाऊक वाटच भरून जाते. एकाच इमारतीत, एकाच दराच्या दोन जोडण्या वेगळ्या वागतात त्याचे एक मोठे कारण हे आहे.

देशाबाहेर जाणाऱ्या माहितीसाठी ठाण्याचे भौगोलिक स्थान भाग्याचे आहे, कारण भारतात येणाऱ्या समुद्राखालच्या केबलींपैकी मोठा भाग मुंबईच्या किनाऱ्यावर, विशेषतः वर्सोव्याला, उतरतो. तरी ही सान्निध्याची सोय पलीकडच्या टोकाच्या अपघातापुढे निरुपयोगी ठरते: जानेवारी २००८ च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ तुटल्या तेव्हा भारताच्या पश्चिमेकडील वाहतुकीला लांबचे वळसे घ्यावे लागले. अशा वळशाने वाढते ती लेटन्सी, म्हणजे प्रश्न पाठवल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा विलंब, आणि हा विलंब वेगही खातो. माहिती पाठवणारा संगणक ठरावीक भाग पाठवून पोच येण्याची वाट पाहतो. एका खेपेत ६४ किलोबाइट पाठवून २०० मिलिसेकंद थांबावे लागले, तर तार कितीही रुंद असो, त्या एका प्रवाहाचा वेग अडीच एमबीपीएसच्या फारसा पुढे जात नाही. आधुनिक प्रणाली ही खेप बरीच वाढवतात, पण दूरच्या सर्व्हरवरची एकच मोठी फाइल आपल्या योजनेच्या आकड्याला सहसा का पोहोचत नाही याचे उत्तर येथे आहे.

स्पीड टेस्ट हा प्रवास मोजत नाही. ती बहुधा सर्वांत जवळचा, मुंबईतला, काही वेळा खुद्द सेवादात्याच्याच जाळ्यातला सर्व्हर निवडते आणि अनेक प्रवाह एकदम सुरू करून वाट पूर्ण भरते. त्यामुळे तिचा आकडा खरा असतो, पण तो घर आणि सेवादाता यांच्यामधल्या तुकड्याचा असतो. चाचणीत ९५ दाखवणाऱ्या जोडणीवर बैठकीतला आवाज तुटू लागला की ग्राहकाला आपण खोटे ठरल्यासारखे वाटते आणि तक्रार घेणाऱ्याला ती निकालात काढायला पुरावा मिळतो. प्रत्यक्षात दोघेही वेगवेगळ्या रस्त्यांविषयी बोलत असतात.

उंबरठ्याच्या आत

घरात आलेला वेग घरातच हरवण्याचे प्रमाण मोठे आहे. वाय-फायचे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन पट्टे भारतात विनापरवाना वापरासाठी मोकळे आहेत. पहिल्या पट्ट्याची लहर भिंतीतून बरी जाते, पण त्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत; एका मजल्यावर सहा-आठ घरे असलेल्या टॉवरमध्ये वरचे, खालचे आणि शेजारचे मिळून वीस-पंचवीस राउटर याच तीन वाहिन्यांवर बोलत असतात. वाय-फायमध्ये एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, म्हणून शेजाऱ्याच्या राउटरचे बोलणे संपेपर्यंत आपल्याला थांबावे लागते. जुन्या किंवा साध्या मोबाइलचा या पट्ट्यातला कमाल जोडवेग ७२ एमबीपीएसच असतो आणि त्यातले निम्म्याच्या आसपास प्रत्यक्ष हाती पडतात. योजना तीनशेची असली तरी त्या मोबाइलला त्याचे सोयरसुतक नसते.

दुसरा पट्टा रुंद आणि मोकळा आहे, मात्र त्याची लहर भिंतीपुढे लवकर दमते. घोडबंदर रस्त्यावरच्या आणि शीळ रस्त्यावरच्या अनेक नव्या संकुलांत मायवन पद्धतीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकसंध ओतण्याचे, बांधकाम झाले आहे. अशा घरात आतल्या भिंतीसुद्धा लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि विटांच्या भिंतीपेक्षा लहरीला कितीतरी अधिक अडवतात. त्यात तंतू आत घेण्याची जागा बहुधा मुख्य दाराशेजारच्या पेटीत ठेवलेली असल्याने राउटर घराच्या एका टोकाला आणि अभ्यासाची खोली दुसऱ्या टोकाला अशी मांडणी होते. डोंबिवलीच्या जुन्या, विटांच्या बैठ्या इमारतीत जो राउटर तिन्ही खोल्यांना पुरत होता तोच नव्या दोन बेडरूमच्या घरात हॉलच्या पलीकडे पोहोचत नाही, आणि घर बदलताना नेट बिघडले असा निष्कर्ष निघतो.

इमारतीच्या बांधकामातच जोडणीचा विचार व्हावा म्हणून ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये मालमत्तांना डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार मानांकन देणारे विनियम काढले. पाणी, लिफ्ट आणि वाहनतळ यांच्या बरोबरीने तंतूच्या नळ्या, प्रत्येक खोलीपर्यंत तार आणि एकाहून अधिक सेवादात्यांना समान प्रवेश या गोष्टी घर घेताना विचारल्या गेल्या, तर या मानांकनाला अर्थ येईल.

खांब, खड्डे आणि वीज

वेगाइतकाच सातत्याचा प्रश्न आहे आणि तो रस्त्यावर सुटतो किंवा बिघडतो. जुन्या वस्त्यांत तंतू आजही विजेच्या व दिव्यांच्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांतून आणि गच्चीवरून लोंबत जातो. पावसाळ्यात फांदी पडली, तंतू उंच वाहनात अडकला किंवा महापालिकेच्या कारवाईत कापला गेला की गल्लीतली सगळी घरे एकदम बंद पडतात. जमिनीखालून नेलेल्या तंतूचे वैरी वेगळे आहेत: ठाण्यातून कासारवडवलीकडे जाणारी मेट्रो ४, भिवंडीमार्गे कल्याणकडे जाणारी मेट्रो ५, रस्त्यांचे काँक्रीटीकरण, जलवाहिन्या आणि गॅसवाहिन्या यांची कामे वर्षानुवर्षे चालू आहेत, आणि खोदणाऱ्याला खाली काय आहे हे ठाऊक नसले की जेसीबीच्या एका घावात शेकडो तंतू तुटतात. खोदकामाआधी संबंधित मालकांना सूचना जावी यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप आले आणि १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे नवे नियम लागू झाले. मार्गाधिकार म्हणजे सार्वजनिक जागेतून तार नेण्याची परवानगी. ती महाग आणि वेळखाऊ असली की लहान चालक खांबावरूनच तार नेतो, आणि त्या स्वस्ताईची किंमत पावसाळ्यात ग्राहक मोजतो.

विजेचा संबंध तर थेट आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवरील बिघाडानंतर मुंबईसह ठाणे जिल्ह्याच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला आणि घरून चालणारी कार्यालये व वर्ग एकाच वेळी थांबले. काचेच्या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण केंद्रातले ओएलटी, जिन्याखालचा स्विच आणि घरातला राउटर या तिघांनाही लागते, आणि यांपैकी एकाचीही बॅटरी संपली की साखळी तुटते. घरात इन्व्हर्टर असूनही नेट जाते ते यामुळे.

नियमांची भाषा

कायद्याने ब्रॉडबँडची व्याख्या तीनदा ठरवली: २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. ही व्याख्या किमान दर्जाची आहे, विकलेल्या आकड्याची हमी ती देत नाही. हमीच्या सर्वांत जवळ जाणारा नियम ट्रायच्या २००६ च्या सेवा-दर्जा विनियमांत होता: सेवादात्याच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत विकलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा आणि गर्दीच्या वेळी वाहिन्यांचा वापर ८० टक्क्यांच्या आत राहावा. ‘केंद्रापासून ग्राहकापर्यंत’ या शब्दांत या नियमाची मर्यादा आहे, कारण केंद्रापलीकडची वाट आणि घरातले वाय-फाय दोन्ही त्याच्या बाहेर राहतात. हे आणि आणखी दोन विनियम एकत्र करून १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे सेवा-दर्जा विनियम लागू झाले आहेत.

‘अमर्याद’ हा शब्दही ‘पर्यंत’चाच भाऊ आहे. एफयूपी, म्हणजे वाजवी वापर धोरण, या नावाने मोठ्या कंपन्यांच्या अमर्याद योजनांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा आढळते. सामान्य कुटुंबाला ती क्वचितच आडवी येते, पण १०० एमबीपीएस खरोखर सलग वापरले तर ती सुमारे ७३ तासांत, म्हणजे महिन्याच्या चौथ्या दिवशीच, संपते. मर्यादेनंतर वेग ५१२ केबीपीएसखाली नेऊ नये असा आदेश ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिला होता.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून जाहिरातीतला वेग हा रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळणारा असावा लागतो. त्याआधी दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेगही ‘पर्यंत’ लावून छापता येई. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या सेवादात्यांना खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर असते तशी पट्टी छापावी लागते, जिच्यावर नेहमीचा वेग, विलंब आणि दर एकत्र दिलेले असतात. दोन्ही देशांनी तार रुंद केली नाही, आकड्याला वेळ जोडला. ठाण्यातल्या जाहिरातीत ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ऐवजी ‘रात्री नऊ ते अकरा सरासरी ६०’ असे छापावे लागले, तर स्पर्धा आकडा फुगवण्याऐवजी घाऊक वाट रुंद करण्यात होईल.

तोवर ग्राहकाच्या हाती जे आहे ते मोजमाप. राउटरला लॅपटॉप तारेने जोडून दुपारी आणि रात्री दहाला अशी काही दिवस चाचणी केली की दोष उंबरठ्याच्या आत आहे की बाहेर हे कळते: तारेवर पूर्ण वेग आणि वाय-फायवर अपुरा असेल तर प्रश्न घराचा, दुपारी पूर्ण आणि रात्री अपुरा असेल तर वाटणीचा, आणि दोन्ही वेळी अपुरा असेल तर तारेचा, सांध्याचा किंवा राउटरच्या पोर्टचा. अशी नोंद जोडून केलेल्या तक्रारीचा क्रमांक घेणे, उत्तर न मिळाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाणे, आणि तेथेही न निभावल्यास ग्राहक आयोगाचे दार ठोठावणे, हा क्रम उपलब्ध आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. वैयक्तिक तक्रारी ट्राय हाताळत नाही.

ठाणे-कल्याणच्या प्रवाशाला वेळापत्रक वाचण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. गाडी ताशी शंभर किलोमीटर धावू शकते या माहितीवर तो कधी घराबाहेर पडला नाही. कोणत्या वेळेची गाडी, जलद की धीमी, कोणत्या स्थानकावर थांबणारी, हे विचारूनच तो फलाट निवडतो. घरात येणाऱ्या काचेच्या तंतूला तो हे प्रश्न अजून विचारत नाही, आणि त्याने ते विचारेपर्यंत ‘पर्यंत’ हा शब्द जाहिरातीत निर्धास्तपणे राहील.